एकेक अणू टिपायचा कसा: फोटॉनच्या जमाखर्चापासून लॅपटॉपवरच्या नकाशापर्यंत

काळ्या पार्श्वभूमीवर ओळीने मांडलेले उजळ ठिपके आणि मधूनच एखादी रिकामी जागा. क्वांटम गॅस मायक्रोस्कोपचं, म्हणजे अतिथंड अणू एकेक करून टिपणाऱ्या यंत्रणेचं, हे चित्र भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. खाली लिहिलेलं असतं, ‘प्रत्येक ठिपका म्हणजे एक अणू’. वाचणाऱ्याची समजूत होते की जबरदस्त ताकदीचं भिंग लावलं आणि अणू दिसले. प्रत्यक्षात त्या भिंगाला शेजारचे दोन अणू नीट वेगळे दिसतच नाहीत. ते वेगळे काढले जातात हिशेबाने. अणू कुठे असू शकतो हे आपल्याला आधीच माहीत असतं आणि प्रत्येकाकडून पुरेसे फोटॉन जमवलेले असतात, म्हणून तो हिशेब जमतो. लेखातली प्रत्येक पायरी या दोन गोष्टींसाठी आहे.

रत्नागिरी, चिपळूण, देवरुख, कणकवली, सावंतवाडी इथे बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. पूर्ण यंत्रणा कॉलेजात उभी राहणार नाही, तिला मोठी प्रयोगशाळा लागते. पण चित्र वाचण्याचा भाग लॅपटॉपवर शंभर टक्के करता येतो आणि त्याची एक आवृत्ती मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही होते. पुढे पुण्याच्या आयसरमध्ये, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये किंवा बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत थंड अणूंवर काम करायचं मनात असेल, तर ही तयारी वाया जाणार नाही.

थोडी पार्श्वभूमी

सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून आइन्स्टाइनला आपला लेख पाठवला. त्यातून निघालेलं भाकीत, म्हणजे अतिशय थंड वायूतले अणू एकाच अवस्थेत गोळा होतात हे, १९९५ साली अमेरिकेत बोल्डर इथे रुबिडियमच्या वायूत खरं करून दाखवलं गेलं. २००२ साली म्युनिकमध्ये असा वायू लेसरच्या जाळीत भरून त्याचं मुक्त वाहणं थांबवता येतं, प्रत्येक अणू आपल्या घरात अडकून बसतो, हे दिसलं. तोपर्यंतची मोजमापं सगळ्या ढगाची मिळून होती. २००९ साली हार्वर्डच्या आणि २०१० साली म्युनिकजवळच्या गार्खिंगच्या गटाने घरं एकेक करून वाचली. दोन्हीकडे अणू रुबिडियम-८७ चा होता. २०१५ साली लिथियम-६ आणि पोटॅशियम-४० या फर्मिऑन, म्हणजे एका अवस्थेत एकच मावणाऱ्या, अणूंचीही अशी चित्रं एकाच वर्षात अनेक प्रयोगशाळांतून आली. पुढचे आकडे मी रुबिडियमचे घेतो, कारण शिकायला तो सर्वांत सोपा.

पायरी १: अणू थंड करून जाळीत बसवा

हा भाग पाठ्यपुस्तकांत भरपूर आहे, म्हणून भराभर. निर्वात कक्षातला दाब दहाच्या उणे अकराव्या घाताइतक्या टॉरपर्यंत खाली आणतात. ७८० नॅनोमीटरच्या लेसरने आणि चुंबकीय क्षेत्राने अणू पकडून शंभर-एक मायक्रोकेल्विनपर्यंत थंड करतात. मग बाष्पीभवन: जास्त ऊर्जेचे अणू निसटू द्यायचे, उरलेले आपोआप थंड होतात. शेवटी तापमान काही दशक नॅनोकेल्विनवर येतं.

जाळी म्हणजे ऑप्टिकल लॅटिस. १०६४ नॅनोमीटरचा लेसर आरशावरून उलटा फिरवला की स्थिर तरंग तयार होतो आणि अणूंना त्याच्या उजळ पट्ट्यांत थांबायला आवडतं. दोन पट्ट्यांतलं अंतर तरंगलांबीच्या निम्मं, म्हणजे ५३२ नॅनोमीटर. आडवे-उभे असे दोन तरंग एकमेकांवर टाकले की आप्पेपात्रासारखी खळग्यांची मांडणी मिळते. ५३२ हा आकडा लक्षात ठेवा. तो आपल्याला अणू न पाहताच माहीत आहे आणि पुढचा सगळा हिशेब त्याच्या जोरावर उभा राहतो.

पायरी २: एकच थर ठेवा

तिसऱ्या दिशेलाही स्थिर तरंग असतो, त्यामुळे अणू एकावर एक थरांत बसतात. भिंगाला मात्र एकच थर चालतो. ०.६८ न्युमेरिकल अपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप) भिंगाची स्पष्टतेची खोली साधारण तरंगलांबी भागिले अपर्चरचा वर्ग, म्हणजे १.७ मायक्रोमीटर. एवढ्यात तीन थर मावतात. त्यांतला एक नेमका फोकसमध्ये आणि बाकीचे त्यावर धुरकट प्रकाश टाकत असतील, तर पुढचं गणित बिघडलंच.

एक थर निवडायची रीत सुंदर आहे. उभ्या दिशेने बदलतं चुंबकीय क्षेत्र लावायचं. रुबिडियमच्या दोन मूळ अवस्थांमध्ये ६.८३ गिगाहर्ट्‌झचं अंतर असतं आणि ते क्षेत्राबरोबर सरकतं, योग्य अवस्था निवडल्या तर दर गॉसला २.१ मेगाहर्ट्‌झने. क्षेत्र दर सेंटीमीटरला २० गॉस बदलत असेल तर लगतच्या दोन थरांत एक मिलिगॉसच्या आसपास फरक पडतो आणि वारंवारतेत सुमारे २.२ किलोहर्ट्‌झ. आता सगळ्या अणूंना ‘ढकलला जाणाऱ्या’ अवस्थेत न्यायचं, मायक्रोवेव्हने फक्त हव्या त्या थराला दुसऱ्या, सुरक्षित अवस्थेत आणायचं आणि लेसरचा एक झोत टाकून बाकीचे थर उडवून लावायचे.

आकडा पुन्हा पाहा: एक मिलिगॉस. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र याच्या काहीशेपट आहे. ते स्थिर असल्यामुळे त्रास देत नाही. त्रास होतो तो हलणाऱ्या क्षेत्राचा, आणि त्यात पहिला क्रमांक घरच्या ५० हर्ट्‌झच्या विजेचा. म्हणून मायक्रोवेव्हची कळ विजेच्या लाटेच्या ठराविक बिंदूवरच दाबली जाईल अशी सोय करतात.

पायरी ३: जाळी गोठवा

प्रयोग चालू असताना अणू घराघरांतून सरकत असतात. ज्या क्षणाची मांडणी पाहायची, त्या क्षणी लेसरची ताकद झटकन वाढवायची, खळगे इतके खोल करायचे की सरकणं थांबेल. चित्र काढताना खळग्यांची खोली, तापमानाच्या भाषेत, काहीशे मायक्रोकेल्विन असावी लागते. का, ते पुढच्या पायरीत.

पायरी ४: उजेड पाडा, आणि त्याच उजेडाने अणू थंड ठेवा

इथे सावकाश जाऊ, कारण सगळ्या यंत्रणेचं मर्म इथे आहे.

अणूवर ७८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की तो फोटॉन शोषतो आणि सरासरी २६ नॅनोसेकंदांत दुसरीकडे फेकतो. घेताना एक धक्का बसतो, देताना दुसरा. दोन्ही धक्क्यांची मिळून ऊर्जा तापमानाच्या भाषेत ०.३६ मायक्रोकेल्विन. खळगा ३०० मायक्रोकेल्विन खोल धरा. ३०० भागिले ०.३६ म्हणजे ८३० च्या आसपास. एवढे फोटॉन विखुरले की अणू खळग्याबाहेर.

आता त्या ८३० पैकी आपल्या हाती किती लागतात? प्रकाश सगळ्या दिशांना जातो. ०.६८ अपर्चरचं भिंग त्याचा १३.३ टक्के भाग गोळा करतं. वाटेतल्या काचा, फिल्टर आणि कॅमेऱ्याची क्षमता धरून त्यातले ४० टक्के नोंदले जातात असं समजू. उरतात ४४ फोटॉन. हा आकडाही बाजूला लिहून ठेवा. ४४ मध्ये का भागत नाही, ते चित्र वाचताना कळेल.

उपाय असा की जो प्रकाश अणूला चमकवतो, त्यानेच त्याला थंडही करायचं. सगळ्या बाजूंनी येणारे, अणूच्या वारंवारतेपेक्षा थोडे खाली ठेवलेले लेसर, म्हणजे ऑप्टिकल मोलॅसिस. अणू तापतो तितकाच निवतो आणि खळग्याच्या तळाशीच राहतो. मोलॅसिसमध्ये दर सेकंदाला ५०,००० फोटॉन विखुरले असं धरलं, तर एका सेकंदाच्या चित्रात ५०,००० गुणिले ०.१३३ गुणिले ०.४ म्हणजे सुमारे २,६६० फोटॉन हाती येतात. ४४ च्या साठपट, अणू न गमावता.

लिथियम आणि पोटॅशियमसारख्या हलक्या अणूंना ही साधी रीत पुरत नाही. त्यांच्यासाठी रामन साइडबँड कूलिंग वापरतात, त्यात अणूला कंपनाच्या पायऱ्या एकेक करून उतरवतात आणि उतरताना सुटलेले फोटॉन हेच चित्र होतं.

या पायरीत चार गोष्टींवर नजर ठेवा. पहिली, रिपंप लेसर. अणू अधूनमधून दुसऱ्या मूळ अवस्थेत पडतो आणि तिथे तो मोलॅसिसला दिसत नाही, त्याला परत आणणारा लेसर बंद असेल तर चित्र काही क्षणांत विझतं. दुसरी, भटका प्रकाश. जाळीचा १०६४ चा प्रकाश फिल्टरने अडवता येतो, पण मोलॅसिसचा प्रकाश आणि अणूचा प्रकाश दोन्ही ७८० चेच. त्यांना वेगळं करणारा फिल्टर नाही. खिडक्यांवरून उसळलेला किरण भिंगात शिरणार नाही अशी मांडणी आधीच करावी लागते. तिसरी, मोलॅसिसचे किरण आपसांत पट्टे तयार करतात आणि एक अणू उजळ, दुसरा फिका दिसतो. म्हणून आरसे पीझोवर (वीज दिली की किंचित हलणाऱ्या स्फटिकावर) बसवून चित्र निघेपर्यंत हलवत ठेवतात.

चौथी गोष्ट विसरली तर निष्कर्षच चुकतो. एका घरात दोन अणू असतील तर हा प्रकाश पडताच ते एकमेकांवर आदळून दोघेही बाहेर जातात. तीन असतील तर एक उरतो. म्हणजे चित्रात दिसते ती संख्या विषम आहे की सम, एवढंच. गच्च भरलेल्या ढगाच्या मध्यावर दोन-दोन अणू असतील तर तिथे काळोख दिसतो आणि भोवती उजळ कडं. २००९-१० च्या प्रयोगांतल्या चित्रांत हीच कडी आहेत. मधला काळा भाग रिकामा नाही, हे पाहणाऱ्याला माहीत असायला हवं.

पायरी ५: भिंग आणि कॅमेरा

शेजारचे दोन ठिपके वेगळे दिसण्याची रेलेची अट म्हणते, अंतर किमान ०.६१ गुणिले तरंगलांबी भागिले अपर्चर हवं. ७८० आणि ०.६८ घालून बघा: ७०० नॅनोमीटर. जाळीतलं अंतर ५३२. अट मोडली. तरी काम होतं, कारण रेलेची अट कुठेही असू शकणाऱ्या ठिपक्यांसाठी आहे आणि आपले ठिपके ठरलेल्या घरांतच असतात.

जाळीसाठी खरी कसोटी वेगळी. घरं एकाआड एक भरली, बुद्धिबळाच्या पटासारखी, तर ती या जाळीतली सर्वांत बारीक रचना. तिरप्या दिशेने तिचं आवर्तन ७५२ नॅनोमीटर. भिंगातून पार होणारं सर्वांत बारीक आवर्तन म्हणजे तरंगलांबी भागिले दुप्पट अपर्चर, इथे ५७४. रचना भिंगाच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, म्हणजे माहिती कॅमेऱ्यापर्यंत पोचते. फिकी होऊन पोचते, पण पोचते. ०.५ अपर्चरचं स्वस्त भिंग घेतलं तर मर्यादा ७८० होते आणि ही रचना कॅमेऱ्यापर्यंत येतच नाही. मग पुढे कितीही हुशार प्रोग्रॅम लिहा, न आलेली माहिती तो आणू शकत नाही. भिंगावर पैसे वाचवू नयेत असं मी म्हणतो ते यासाठी.

कॅमेऱ्याला एका घरासाठी चार-पाच पिक्सेल द्या. पिक्सेल १६ मायक्रोमीटरचा असेल आणि घराला चार पिक्सेल द्यायचे, तर ६४ भागिले ०.५३२, म्हणजे १२० पट मोठेपणा. इएमसीसीडी, म्हणजे आलेला संकेत आतच वाढवणारा कॅमेरा अगदी कमी प्रकाशात उपयोगी, पण त्याच्या वर्धनामुळे फोटॉनचा स्वाभाविक गोंगाट आणखी १.४ पट होतो हे हिशेबात धरा.

किनाऱ्यावर असाल तर

अशी किंवा साधी लेसरची प्रयोगशाळा आपल्या पट्ट्यात उभी करायची झाली, तर पहिला शत्रू दमट हवा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ अंशांवर असतो. म्हणजे मृग लागल्यावर २० अंशांचं पाणी फिरवलेली कुठलीही कॉइल किंवा १८ अंशांवर ठेवलेला लेसर डायोड घामेजणारच. खोली २२ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेवर आणली की दवबिंदू १४ वर उतरतो. नियम सोपा: आधी खोली कोरडी, मग यंत्र थंड. आर्द्रतामापक भिंतीवर नको, लेसरच्या टेबलावर हवा. डायोडच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ती रंग बदलली की लगेच पालटा.

दुसरी गोष्ट भिंगांवर येणारी बुरशी. किनाऱ्यावर कॅमेरा वापरणाऱ्याला ती ठाऊक असते. लेप दिलेले आरसे आणि भिंगं हवाबंद डब्यात, हायग्रोमीटर लावून ठेवावीत. खारी हवा पोलादी स्क्रूंवर गंज चढवते, म्हणून स्टेनलेसच घ्या.

तापमानाचा मुद्दा मात्र जाळीच्या थेट मुळाशी जातो. अॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात २३ भागांनी वाढतं. आरशाच्या बैठकीचा एक सेंटीमीटर भाग एका अंशाने तापला तर २३० नॅनोमीटर सरकतो. जवळजवळ अर्धं घर! एसी चालू-बंद होताना जाळी कॅमेऱ्यापुढे डुलते ती अशी. त्याचा इलाज निम्मा बांधकामात असतो आणि निम्मा पुढच्या वाचनात.

जागा निवडताना कोकण रेल्वेपासून लांब जा. मार्गाचं विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झालं, तिथे ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहतो आणि गाडी येईल तसा कमीजास्त होतो. पायरी २ मधला एक मिलिगॉस आठवा. उलट कंपनांच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. जांभ्याचा कातळ थेट जोत्याखाली असेल आणि खोली तळमजल्यावर असेल, तर टेबलाला चांगला आधार मिळतो. लाइट जाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा निर्वात टिकवणाऱ्या आयन पंपाला यूपीएस हवाच.

पायरी ६: लॅपटॉपवर अणू पेरा

आता हात घाला. पायथन आणि त्यातले नमपाय, सायपाय हे दोन संच पुरेत.

३० गुणिले ३० घरांचा तक्ता घ्या. प्रत्येक घरात ०, १ किंवा २ अणू टाका आणि लगेच २ चे ० करा. जाळी कॅमेऱ्याच्या रेषांशी समांतर नसते, म्हणून तिला तीन-चार अंश फिरवा. एका घराला चार पिक्सेल. प्रत्येक अणूसाठी पॉसाँ वितरणाने फोटॉनची संख्या काढा, सरासरी २,६६०. मग प्रत्येक फोटॉन अणूच्या जागेभोवती गॉसियन वितरणाने फेका, पसारा (प्रमाण विचलन) २४५ नॅनोमीटर. ०.६८ अपर्चरच्या भिंगाच्या ठिपक्याला हा गॉसियन बऱ्यापैकी बसतो, फक्त खऱ्या ठिपक्याभोवतीची फिकी वलयं त्यात येत नाहीत. पिक्सेलमध्ये मोजा, वर पार्श्वभूमीचे दोन-तीन फोटॉन प्रत्येक पिक्सेलला टाका.

दोन प्रकारची चित्रं तयार करा: एक विरळ, शंभरात तीन घरं भरलेली, आणि एक दाट. मूळ तक्ता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि वाचन संपेपर्यंत उघडू नका. खऱ्या प्रयोगात उत्तरपत्रिका नसते, तेव्हा सवय आतापासूनच लावलेली बरी.

पायरी ७: चित्र वाचा

विरळ चित्रापासून सुरुवात. एकटे पडलेले ठिपके शोधा, प्रत्येकाचा मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत काढा, मग सगळे एकमेकांवर ठेवून सरासरी घ्या. हा झाला तुमच्या भिंगाचा खरा ठिपका. पुस्तकातला ठिपका वापरू नका, भिंग किंचित तिरकं असलं तरी तो बदलतो.

त्याच मध्यांवरून जाळीचा कोन. कोणत्याही दोन अणूंमधलं अंतर जाळीच्या दिशेने मोजलं तर ते ५३२ च्या पूर्ण पटीत यायला हवं. एक कोन धरा, सगळ्या जोड्यांची त्या दिशेची अंतरं काढा, आलेख मांडा. कोन चुकला तर सपाट पसारा दिसतो, बरोबर आला की एकदम फणीसारखे दात उभे राहतात. मला या सगळ्या कामातला हा क्षण सर्वांत आवडतो: जाळी स्वतः कुठेही दिसत नसते, आणि तिचं मोजमाप हातात येतं.

कोन आणि अंतर दिवसभर टिकतं. जाळीची सुरुवात, म्हणजे पहिलं घर चित्रात नेमकं कुठे येतं ते, मात्र प्रत्येक चित्रात नव्याने काढावी लागते, कारण वर सांगितलेलं अॅल्युमिनियम. चित्रातल्या कडेच्या एकट्या अणूंना धरून ती बसवा.

आता दाट चित्र. पहिला विचार येतो की प्रत्येक घराचा चौकोन घ्यावा, आतले फोटॉन मोजावेत, जास्त असले तर अणू आहे. करून बघा आणि फसताना बघा. गणित असं. अणूचा ५२ टक्के प्रकाश स्वतःच्या घरात पडतो. बाजूच्या चार घरांत प्रत्येकी १०, कोपऱ्यांवरच्या चार घरांत प्रत्येकी सुमारे २ टक्के. एखादं घर रिकामं आहे आणि भोवतालची आठही भरलेली आहेत, तर त्या रिकाम्या घरात शेजाऱ्यांचा ४८ टक्के प्रकाश साचतो. दुसरीकडे एकटा अणू स्वतःच्या घरात ५२ टक्के दाखवतो. ४८ म्हणजे रिकामं आणि ५२ म्हणजे भरलेलं! नुसत्या मोजणीने हे वेगळं होणं शक्य नाही.

म्हणून शेजाऱ्यांचा वाटा वजा करायचा, सगळ्या घरांचा एकाच वेळी. ९०० घरं, ९०० मोजलेले आकडे, ९०० अज्ञात उजळपणा. कोणाचा किती प्रकाश कुठे पडतो हे ठिपक्यावरून माहीत आहे, म्हणजे समीकरणांचा संच तयार. सायपायमधला ऋण उत्तर न देणारा लघुतम वर्गांचा मार्ग वापरा, कारण उजळपणा उणे असू शकत नाही.

वजाबाकी फुकट मिळत नाही, तिच्यात गोंगाट वाढतो. वरच्या टक्केवारीसाठी हिशेब केला तर सरासरी अडीचपट. दाट भागात घरात २,६६० फोटॉन असतील तर त्यांचा स्वाभाविक चढउतार वर्गमुळाइतका, ५२. अडीचपट धरून १३०. रिकाम्या आणि भरलेल्या घरांत २,६६० चं अंतर आहे, तेव्हा मध्ये रेघ मारली तर ती दोन्ही बाजूंपासून दहा चढउतारांइतकी दूर राहते. चूक होणं जवळपास अशक्य.

आता बाजूला लिहिलेला ४४ काढा. वर्गमूळ ६.६, अडीचपट १६. मधली रेघ २२ वर, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड चढउतारसुद्धा नाही. शंभर घरांत आठ-नऊ चुकतील, कॅमेऱ्याचा गोंगाट अजून धरलेलाच नाही. पायरी ४ मध्ये अणूला चमकवता चमकवता थंड ठेवण्याची एवढी खटपट कशासाठी होती, ते इथे आकड्यांत दिसतं. प्रोग्रॅममध्ये २,६६० च्या जागी ४४ घालून स्वतः चालवाच. मग २००, ५००, १,००० घाला आणि चुका कुठे थांबतात ते नोंदवा.

सगळ्या घरांच्या उजळपणाचा आलेख काढा. दोन डोंगर आणि मध्ये स्वच्छ दरी दिसली पाहिजे. रेघ दरीत मारा. दरी भरून आलेली असेल तर रेघ इकडेतिकडे सरकवत बसू नका. मागे जा: सुरुवात चुकीची बसली आहे का, ठिपका शिळा आहे का, फोकस सरकला आहे का? सर्वांत जास्त वेळा सुरुवात चुकलेली असते, आणि ते ओळखायची खूण म्हणजे मूळ चित्रातून तुमचं उत्तर वजा केल्यावर प्रत्येक ठिपक्याच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला काळी कोर उरते.

खऱ्या प्रयोगात उत्तरपत्रिका नसल्यामुळे तपासणीची वेगळी रीत आहे: त्याच अणूंची लागोपाठ दोन चित्रं काढायची. पहिल्यात होता आणि दुसऱ्यात नाही, तो गेला. नव्या घरात दिसला आणि शेजारचं रिकामं झालं, तो सरकला. समजा पहिल्या चित्रात ५०० अणू होते आणि दुसऱ्यात त्यांतले ४९० त्याच जागी आहेत, तर एका चित्रामागे दोन टक्के गडबड. सरकणं जास्त असेल तर थंड करणं कमी पडतंय, नुसतं जाणं जास्त असेल तर निर्वात तपासा.

पायरी ८: मोबाइलवर हेच

काळ्या कार्डपेपरवर आलेख कागद ठेवून ५ मिलिमीटरच्या अंतराने ८ गुणिले ८ छिद्रं टाचणीने पाडा, सगळी एका मापाची. मागे बटर पेपर, त्यामागे एलईडी टॉर्च. खोली पूर्ण अंधारी. मोबाइल अर्ध्या मीटरवर स्टँडवर घट्ट बसवा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर टाकून फोकस मुद्दाम जवळ आणा, इतका की एका छिद्राचा ठिपका घराच्या दीडपट रुंद होईल. फोटो रॉ स्वरूपात घ्या. नेहमीच्या जेपेगमध्ये फोन उजेडाचे आकडे आपल्या मर्जीने वाकवतो आणि दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा येत नाही, मग वजाबाकी खोटी पडते. फक्त हिरव्या रंगाचे आकडे वापरा. कोणताही पिक्सेल कमाल मर्यादेला टेकता कामा नये.

आधी चार-पाच छिद्रं उघडी ठेवून विरळ फोटो काढा, ठिपका आणि कोन त्यावरून घ्या. छिद्रं हाताने पाडलेली असल्यामुळे त्यांचा उजळपणा थोडा वेगवेगळा येईल, म्हणून सगळी उघडी ठेवून एक फोटो आणखी. मग मित्राला काळ्या टेपने हवी ती छिद्रं झाकायला सांगा, मांडणी त्याने कागदावर लिहून ठेवावी, तुम्हाला दाखवू नये. पायरी ७ चा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.

हे जमलं की एकाआड एक छिद्रं झाकून पटाची मांडणी करा आणि फोकस हळूहळू आणखी बिघडवत न्या, प्रत्येक वेळी सगळी छिद्रं उघडी ठेवलेला फोटोही सोबत काढत. ठिपक्याचा व्यास घराच्या पावणेदोनपटीच्या आसपास आला की पट जवळजवळ नाहीसा होतो, सगळीकडे एकसारखा राखाडी उजेड उरतो आणि प्रोग्रॅम वाटेल ती उत्तरं देऊ लागतो. त्या जागी एक्स्पोजर दुप्पट करून बघा, चौपट करून बघा, आणि मग एक्स्पोजर मूळ जागी आणून फोकस थोडासा सुधारून बघा. तिन्ही वेळची चुकलेली घरं मोजून एका तक्त्यात लिहा.